खंडेनवमीचं कुंकू आणि वॉरंटीचं कार्ड

माझ्या माहेरी खंडेनवमी आणि सासरी आयुध पूजे. दिवस एकच, पाट मात्र वेगळे. सासूबाईंच्या पाटावर मिक्सर, शिलाई मशीन, स्कूटरची किल्ली आणि आता मुलाचा लॅपटॉप. खानापूर तालुक्यातल्या आमच्या माहेरच्या मळ्यात पाटावर विळा, कोयता, पहार आणि मधोमध अप्पांचं हत्यार.

अप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. शेतावर राहायचं म्हणून त्यांनी दुनळी बंदूक घेतली होती. आई गेल्यावर ते मळ्यात एकटेच राहिले. २०२१ साली एकदा म्हणाले, "पोरी, बंदूक आता खांद्याला पेलवत नाही." रीतसर परवानगी काढून दुनळी विकली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पॉइंट तीन-दोनचं, सहा गोळ्यांचं नवं रिव्हॉल्व्हर घेतलं. वजन पाऊण किलोच्या आसपास. "हे हातात मावतं," म्हणाले. त्या वेळी आम्ही या वाक्याकडे लक्ष दिलं नाही.

२०२२ च्या दसऱ्याची गोष्ट. आदल्या दिवशी पूजा झालेली. सकाळी अप्पांनी पाटावरून रिव्हॉल्व्हर उचललं. गोळ्या पूजेच्या आधीच काढून, मोठ्यानं सहा मोजून, कुलपात ठेवलेल्या. तरी पुन्हा सिलिंडर बाहेर काढून सहाही घरं बोट घालून तपासली. ही त्यांची शिस्त. हत्याराचं काहीही बिघडलेलं असो, पहिलं काम ते रिकामं करणं, आणि नळी कुणाकडेही रोखलेली नसणं. मग भिंतीकडे नळी करून त्यांनी चाप ओढला. चाप अर्ध्यावर अडकला. सिलिंडर फिरेना. नातवंडांसमोर अप्पांचा चेहरा असा झाला की मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेले.

गावात बातमी लपत नाही. शेजारचे काका म्हणाले, लोहाराकडे नेऊ, तासाभरात ठोकून सरळ करील. एक चुलतभाऊ म्हणाला, व्हिडिओ बघून मीच उघडतो. अप्पांनी दोघांनाही हात लावू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात बंदूक विकायला जसा परवाना लागतो तसाच दुरुस्त करायलाही लागतो. लोहार तिथे अडकला असता आणि अप्पाही. तिसरा सल्ला आमच्या मावशीचा: कोल्हापूरला चांगला मिस्त्री आहे. पण अप्पांच्या परवान्यावर क्षेत्र लिहिलंय कर्नाटक राज्य. हळदीकुंकवाला आपण कितीदा कोगनोळीचा नाका ओलांडतो, मुली तिकडच्या आणि सुना इकडच्या. रिव्हॉल्व्हरला मात्र दूधगंगेच्या अलीकडेच थांबावं लागतं.

राहिला आमचा बेळगावचा विक्रेता. अप्पांना त्या दिवसांत चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी, एसटीनं येववेना. मग मी कायदा उघडला. कलम तीनमध्ये एक सवलत आहे: परवानाधारक बरोबर असेल, किंवा त्यानं लेखी अधिकार दिला असेल, तर दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी दुसऱ्याला हत्यार नेता येतं. घरात वृद्ध परवानाधारक असेल तर एवढी ओळ लक्षात असू द्या. अप्पांनी चिठ्ठी लिहिली, त्यात हत्याराचा क्रमांक, परवान्याचा क्रमांक, तारीख, कशासाठी नेतोय हे सगळं. आमचे हे सोबत आले. परवान्याचं पुस्तक बरोबर, गोळ्या घरी. वाटेत पोलिसांनी अडवलं असतं तर कन्नडमधून बोलायची जबाबदारी त्यांची, कायद्याची माझी. कुणी अडवलं नाही.

विक्रेत्याकडचा मिस्त्री म्हातारा, कन्नड बोलणारा, कमी बोलणारा. त्यानं सिलिंडर बाहेर काढला, मागून टोपणं ढकलणारी चांदणीसारखी पट्टी उचलली आणि भिंगातून पाहून हसला. पांढऱ्या कागदावर काडीनं काढून दाखवलं: लाल चिखल. आमचं कुंकू! अप्पा हत्याराला तेल सढळ हातानं लावतात. त्या तेलात कुंकू आणि हळद बसली आणि चांदणीखाली तिचा थर झाला. तिथे कागदाएवढा थर बसला तरी सिलिंडर मागच्या बाजूला घासतो आणि फिरायचा थांबतो. मिस्त्रीनं आणखी एक जागा दाखवली. टोपणं ढकलायची जी दांडी असते, तिची चूड सैल झाली तर सिलिंडर उघडतच नाही. आमची घट्ट होती. जाताना त्यानं सहा नकली गोळ्या दिल्या, रिकाम्या हत्याराचा चाप सारखा ओढायचा असेल तर आतल्या भागाला धक्का बसू नये म्हणून. आणि तेलाबद्दल ताकीद दिली: थेंबभर लावा, मग पुसून टाका. खऱ्या गोळ्या अप्पा चामड्याच्या पट्ट्यात ठेवतात हे मी बोलून गेले, तेव्हा तोही म्हणाला, काढा. चामड्यानं पितळेवर हिरवा गंज चढतो. घरी येऊन पाहिलं, चढलाच होता.

इथे गोष्ट संपायला हवी होती. आठवड्यानं अप्पांचा फोन: "परत अडकतंय."

मिस्त्रीकडे पुन्हा नेलं. त्यानं आमच्यासमोर साठ वेळा चाप ओढला. एकदाही अडकलं नाही. मळ्यात परत नेलं, अप्पांच्या हातात अडकलं. अप्पांचं निदान पक्कं: माल खराब आहे, दुकानात गरम-थंड हवेचा फरक पडत असेल, ते काही नाही, कारखान्याकडे पाठव. वॉरंटी एक वर्षाची, म्हणजे डिसेंबरापर्यंत. कार्ड सापडलं, पण त्यावर विक्रेत्याचा शिक्का नव्हता. बिल मात्र अप्पांनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलेलं, म्हणून निभावलं. साध्या पार्सलानं धाडायची ही वस्तू नव्हे. विक्रेत्यानं आपल्या कागदपत्रांवर पाठवायचं कबूल केलं आणि त्याच्याकडून मी क्रमांकासकट पोच घेतली. हत्यार आपल्या हातात नाही, त्या काळात ते कुठे आहे याचा कागद आपल्याकडे हवाच.

तक्रारपत्र लिहायला बसले तेव्हा माझ्यातली मास्तरीण जागी झाली. 'नीट चालत नाही' असं लिहून कुणाला काय कळणार? मुलांच्या उत्तरपत्रिकेत असं वाक्य आलं तर मी अर्धा गुणही देत नाही. काय होतं, कधी होतं, किती वेळा पैकी किती वेळा, असं लिहायला हवं. अप्पांना वही दिली. नकली गोळ्या घालून सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा चाप ओढायचा आणि लिहायचं. सुभेदारांनी बारा दिवस न चुकता तक्ता भरला. मी तो न वाचताच प्रत काढून पत्राला जोडला. अप्पांचं सांगणं मराठीत, परवाना कन्नडमध्ये, कार्ड हिंदी-इंग्रजीत आणि माझं पत्र इंग्रजीत; अडकणं मात्र सगळ्यांना एकच.

अकरा आठवडे गेले. कारखान्याचा फोन उचलला जाईना. उचलला तर दुसऱ्या विभागाचा नंबर मिळे, तिथे जेवणाची सुट्टी. रोज रात्री मी अप्पांना फोन करी आणि ते रोज तेच विचारत, "आलं का?" मळ्यात ते एकटे, विहिरीवरच्या मोटारी चोरीला जायचे ते दिवस. हत्यार नाही म्हणून त्यांना झोप नाही, आणि त्यांना झोप नाही म्हणून मला नाही. फेब्रुवारीत रिव्हॉल्व्हर परत आलं, सोबत एक चिठ्ठी: तपासणी केली, कार्य समाधानकारक, दोष आढळला नाही.

अप्पा इतके चिडले की मीही चिडले. ग्राहक आयोगात जायचं ठरवलं. २०१९ च्या कायद्यानं एक सोय केलीय, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कारखान्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. एका रविवारी मसुदा लिहायला बसले आणि पुरावा म्हणून वही उघडली. तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली.

सकाळी दहापैकी एक. सकाळी दहापैकी शून्य. सकाळी एक. संध्याकाळी चार. संध्याकाळी तीन. एका ओळीवर अप्पांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'आज भात झोडलं', आणि त्यापुढे सहा.

लोखंडाला सकाळ-संध्याकाळ कळत नाही.

अशा रिव्हॉल्व्हरमध्ये चाप एकदा ओढला की दोन कामं होतात. सिलिंडर एक घर पुढे फिरतो आणि घोडा मागे जाऊन सुटतो. म्हणून तो ओढ जड असतो, पाच किलोच्या आसपास. तांदळाची पाच किलोची पिशवी पहिल्या बोटावर लटकवून बोट वाकवून पाहा. आणि ओढून झाल्यावर चाप पूर्ण पुढे येऊ द्यावा लागतो. बोट थकलेलं असेल, पूर्ण सुटलं नाही आणि अर्ध्यावरूनच पुन्हा ओढलं, तर आतले दात एकमेकांत नीट बसत नाहीत. चाप तरी अडकतो, नाहीतर सिलिंडर नुसता फिरतो. हत्यार शाबूत असतं. मिस्त्रीच्या बोटाला साठ वेळा ते जमलं. अप्पांच्या बोटाला संध्याकाळी जमत नव्हतं.

दुनळी खांद्याला पेलेनाशी झाली तेव्हाच हे सुरू झालं होतं. आम्ही हत्यार हलकं केलं, एवढंच.

मसुदा फाडला. पण अप्पांना सांगायचं कसं? दोन आठवडे मी गप्प राहिले. खोटं बोलले नाही, पण 'वकिलांना विचारतेय' म्हटलं. शेवटी दोघांना घेऊन मिस्त्रीकडे गेलो, अप्पांना गाडीत पुढे बसवून. वही मिस्त्रीपुढे ठेवली. त्यानं आकड्यांवरून बोट फिरवलं, अप्पांचा उजवा हात हातात घेतला, पहिलं बोट सावकाश उघडलं आणि मिटलं. मग आमच्याकडे नव्हे, अप्पांकडे बघत म्हणाला, "सुभेदाररे, बंदूक छलो ऐति. कै सोतैति."

अप्पा कन्नड माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. त्यांनी त्याला उलट काही विचारलं नाही. दुकानातून बाहेर आल्यावर फक्त जावयांना म्हणाले, "जावईबापू, गूळ घालून चहा कुठे मिळेल?"

२९ मार्च २०२३ ला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. ठाण्यातून निरोप आला, हत्यारं जमा करा. अप्पांनी दुसऱ्याच दिवशी जमा केलं. १० मे ला मतदान झालं, निकाल लागला, लोक आपापली हत्यारं सोडवून घेऊन गेले. अप्पा गेले नाहीत. जूनमध्ये भाताची पेरणी, जुलैत पाऊस. मी विषय काढला नाही.

ऑगस्टमध्ये ते स्वतःच बोलले. २०१६ च्या नियमांत आहे की परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला की तो हयात असतानाही वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. हे त्यांना ठाण्यातल्या हवालदारानं सांगितलेलं. पुण्याच्या भावानं आधीच नाही म्हटलं होतं. मग मला विचारलं, "तू घेतेस?" आयुष्यात त्यांनी मला काही घ्यायला सांगितलं नव्हतं, शिक्षण सोडून. मी म्हटलं, अप्पा, माझ्या घरी दोन मुलं आहेत, कुलूप कितीही चांगलं असलं तरी मला झोप लागायची नाही. ते म्हणाले, "बरोबर." त्या 'बरोबर'मध्ये काय काय होतं ते मी अजून मोजते आहे. आपण भित्रेपणा केला की शहाणपणा, हेही.

ठाण्यातून हत्यार विक्रेत्याकडे गेलं, परवाना जिल्हाधिकारी कार्यालयात परत. नवं हत्यार, कारखान्याची 'दोष नाही' अशी चिठ्ठी सोबत, त्यामुळे किंमत बरी आली. ज्या चिठ्ठीवर आम्ही खटला भरणार होतो तिचाच असा उपयोग झाला. त्या पैशातून विहिरीवरच्या मोटारीला लोखंडी पेटी झाली आणि शेजारच्या काकांचा मुलगा रात्री मळ्यात झोपायला येऊ लागला.

२०२३ च्या खंडेनवमीला मी मुद्दाम मळ्यात गेले. पाटावर विळा, कोयता, पहार. मधली जागा रिकामी राहील असं वाटत होतं. अप्पांनी तिथे त्यांची जुनी, शेंडा झिजलेली काठी आडवी ठेवली. फुलं वाहिली, हळद वाहिली, मग कुंकवाची चिमूट धरून क्षणभर थांबले.

"हिच्या आत नाही शिरायचं," म्हणाले, आणि सढळ हातानं वाहिलं.