नऊ नंबरचा माणूस गेला कुठे?

१/
२५ नोव्हेंबर १९५३, लंडनचे वेम्बली मैदान. ब्रिटिश बेटांबाहेरच्या एकाही संघाने तोवर इंग्लंडला त्याच्या भूमीवर हरवलेले नव्हते. त्या दुपारी हंगेरीने ६-३ असे हरवले. पहिला गोल पहिल्याच मिनिटात झाला. तो करणाऱ्या नान्दोर हिदेगकुटीच्या पाठीवर ९ हा आकडा होता. या थ्रेडचा विषय तो आकडाच आहे.

२/
इंग्लिश फुटबॉलमध्ये त्या काळी पाठीवरचा आकडा म्हणजे मैदानावरचा पत्ता. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला आणि त्यानंतर डब्ल्यू-एम रचना रुजली. पाच नंबरच्या मध्य-बचावपटूने समोरच्या नऊ नंबरला सावलीसारखे चिकटायचे, आणि नऊ नंबरने गोलच्या तोंडाशी उभे राहायचे, असा तो रिवाज. आघाडीवीर कितीही चपळ असो, तो कोठे सापडेल हे शिट्टी वाजण्याआधीच ठाऊक असे.

३/
हिदेगकुटी तेथे सापडला नाही. तो मागे, मधल्या फळीजवळ सरकला. आता इंग्लंडच्या हॅरी जॉन्स्टनने काय करावे? पाठलाग करावा, तर मागे खिंडार पडते आणि त्यातून पुश्काश व कोचिश आत शिरतात. जागा धरून राहावे, तर हिदेगकुटीला चेंडू घ्यायला, वळायला, नेम धरायला मोकळे रान. त्याने तीन गोल केले.

४/
बचावपटूला चकवणे म्हणजे पायांची जादू, अशी सार्वत्रिक समजूत आहे. त्या सामन्यातील पुश्काशने तळव्याने चेंडू मागे ओढून बिली राइटला दिलेला चकवा आजही सांगितला जातो, तो याच समजुतीमुळे. पण अशा चकव्याने एक माणूस क्षणभर फसतो. दोन्ही उत्तरे चुकीचीच ठरतील असा प्रश्न नव्वद मिनिटे समोर ठेवणे, हे त्याहून मोठे काम आहे.

५/
हा शोध वेम्बलीच्या नावावर जमा करणेही योग्य नव्हे. बुडापेस्टमध्ये मार्टोन बुकोवीने ही रचना आधीच घडवली होती, आणि राष्ट्रीय संघात हिदेगकुटीच्या आधी पेटर पालोताश याच भूमिकेत खेळला होता. त्याही आधी व्हिएन्नाचा माथियास सिंडेलार असाच मागे येऊन खेळे. १९३२ मध्ये तो लंडनमध्ये इंग्लंडविरुद्ध खेळलाही. ऑस्ट्रिया ४-३ अशी हरली. जिंकलेल्याला धडा घेण्याची गरज भासत नाही, ती इंग्लंडलाही भासली नाही.

६/
‘हे केवळ आश्चर्याचे यश होते,’ असा आक्षेप घेतला जातो. २३ मे १९५४ रोजी बुडापेस्टमध्ये तो निकालात निघाला. इंग्लंडला सारे ठाऊक होते, जॉन्स्टनच्या जागी सिड ओवेन होता, आणि निकाल ७-१! गुपित फुटले, तरी पेच सुटला नव्हता.

७/
पण पेचालाही उतारा असतो. ४ जुलै १९५४ रोजी बर्न येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनांनी हिदेगकुटीमागे मध्य-बचावपटू धाडलाच नाही. ते काम मधल्या फळीतील होर्स्ट एकेलला दिले. मागची भिंत जागेवर राहिली. हंगेरी २-३ अशी हरली. पाऊस होता, पुश्काशचा घोटा दुखावलेला होता, कारणे अनेक. तरी हिदेगकुटीला त्या दिवशी गोल करता आला नाही, हे उरतेच. मागे सरकणे हाही अखेर एक पत्ताच, आणि तो आता जर्मनांना मिळाला होता.

८/
२ मे २००९ रोजी माद्रिदमध्ये मेस्सी मधून मागे सरकला. कान्नावारो आणि मेत्सेल्डर यांच्यापुढे जॉन्स्टनचाच प्रश्न उभा राहिला. बार्सिलोनाने रेआल माद्रिदवर ६-२ असा विजय मिळवला.

९/
आणि जॉन्स्टन? त्याच वर्षी, त्याच वेम्बलीवर, ब्लॅकपूलचा कर्णधार म्हणून त्याने एफए चषक उंचावला होता. हंगेरीच्या सामन्यानंतर इंग्लंडच्या संघात तो पुन्हा कधीच दिसला नाही. दोष रचनेचा होता, शिक्षा मात्र पाच नंबरच्या माणसाला झाली.