सहावीची वाट कशाला?

शाळेच्या आनंद बाजारात मुलं भेळ विकतात, सुटे पैसे मोजतात, नफा सांगतात. पण भेळेतला कांदा कोणी पिकवला, मुरमुरे कोणी भाजले, हे त्यांना कोण विचारतं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने दप्तराविना १० दिवस सुचवले. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडून शिकण्यासाठी. तेही सहावी ते आठवीला! फारच उशीर.

उमरगा तालुक्यातल्या मुरुमच्या मुलांना कोणतं काम आधी लागतं, हे शिकायला दूरचा धडा नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने याच तालुक्यातली घरं पाडली. तेव्हा छप्पर ही गरज होती, रंगीत भिंत ही हौस. गवंडी आधी लागला, रंगारी नंतर. आजी-आजोबांना हे आठवतं.

मुख्याध्यापकांनी या आजी-आजोबांना वर्गात बोलवावं आणि पहिली-दुसरीच्या मुलांना यंदाच गवंड्याच्या, शिंप्याच्या कामावर न्यावं.