बेटकुळीच्या आत



या सदरात एरवी मी कडधान्यांतले किडे, कपड्यांवरचे डाग आणि मुलांचे अभ्यास यांपलीकडे फारशी जात नाही. आज मात्र थोडं शरीरशास्त्र. घाबरू नका, मी काही डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेली, आठवड्यातून चार दिवस अर्धवेळ शिकवणारी बाई. पण झालं असं की, आमच्या विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या आणि नववीचा ऊतींचा धडा माझ्या गळ्यात पडला.

आदल्या रात्री ओटा आवरल्यावर बसून धडा वाचला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आकृती काढली आणि ‘स्नायू आखडतो व हाड ओढलं जातं’ असं मोठ्या ऐटीत सांगितलं. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “बाई, आखडतो म्हणजे नेमकं काय लहान होतं?”

मी म्हटलं, “उद्या सांगते.” शिक्षिका असलेल्या मैत्रिणींना या ‘उद्या’चा अर्थ वेगळा सांगायला नको.

घरी आले तर सासूबाई पलंगावर पोटरी धरून बसलेल्या. पायात गोळा आला होता. चार महिन्यांपूर्वी त्या न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याजवळचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हाड छान जुळलं. पण पाय? पोटऱ्या इतक्या बारीक झाल्या होत्या की पायातल्या मोज्यांना पकड मिळेना. “हाड जुळलं गं, पण माझे पाय गेले,” असं त्या रोज म्हणायच्या. मी रोज म्हणायची, “तुम्ही उठू नका, मी देते ना!” पाणी, पेपर, चष्मा, सगळं हातात. हॉस्पिटलमधून घरी सोडताना ‘वॉकर घेऊन रोज चालवा’ असं बजावलं होतं. आम्ही ते मायेपोटी कानाआड केलं. आपल्याकडे सेवा म्हणजे आजाऱ्याला हलू न देणं, नाही का?

म्हणजे मला दोन उत्तरं हवी होती. वर्गासाठी एक, घरासाठी एक. शोधायला लागले तर ती एकाच ठिकाणी निघाली.

दंड वाकवला की फुगते ती आपली बेटकुळी. आपल्याला तिथे इवलीशी बेडकी दिसली, तर लॅटिन बोलणाऱ्यांना छोटा उंदीर. ‘मसल’ हा शब्द त्या उंदरावरूनच आला. ही बेटकुळी आतून कशी असते, हे ज्यांच्याकडे रविवारी कोंबडी शिजते त्यांना ठाऊकच आहे. शिजलेला तुकडा बोटांनी सोडवला की धागे निघतात. तो प्रत्येक धागा म्हणजे तंतूंची एक जुडी. जुडीतला एकेक तंतू केसासारखा बारीक, आणि गंमत म्हणजे तो एकच पेशी असतो. काही तंतू कित्येक सेंटिमीटर लांब! त्या तंतूच्या आत पुन्हा शेकडो सूक्ष्म तंतू, जशी वेणीत पेडं आणि पेडांत केस. आणि प्रत्येक सूक्ष्म तंतूवर एकाआड एक गडद-फिक्या पट्ट्या, लुगड्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या काठासारख्या. या पट्ट्यांचा एक घास, म्हणजे एक घडी, मिलिमीटरच्या चारशेव्या भागाएवढी. बोटाच्या पेराच्या निम्म्याहून कमी लांबीत, एक सेंटिमीटरात, अशा चार हजार घड्या एकापुढे एक बसतात.

या पट्ट्यांनीच त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. आणि ते ज्यांनी शोधलं त्यांच्यात एक बाई होती, हे वाचून मला फार बरं वाटलं.

तिचं नाव जीन हॅन्सन. लंडनची. १९५३ साली ती अमेरिकेत बोस्टनजवळच्या एमआयटी या संस्थेत काम करायला गेली. तिथे तिला ह्यू हक्सली हा आपल्याच देशाचा तरुण भेटला. सूक्ष्मदर्शकाखाली सशाच्या स्नायूचे तंतू कसे बघायचे यात तिचा हात बसलेला. त्याचा हात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर. गडद पट्टा मायोसिन नावाच्या जाड धाग्यांचा असतो, फिक्या भागात ॲक्टिनचे बारीक धागे असतात, हे दोघांनी ताडलं. कसं? एका द्रावणानं मायोसिन धुऊन काढलं, तर गडद पट्टाच दिसेनासा झाला. मग त्यांनी आखडणारा तंतू नीट पाहिला. घडी लहान होत होती, फिका पट्टा अरुंद होत होता, पण गडद पट्टा होता तेवढाच!

म्हणजे धागा कुठलाच लहान होत नव्हता. बारीक धागे जाड धाग्यांच्या मधे सरकत होते, इतकंच. मे १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे छापून आलं. त्याच अंकात अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्क यांचा लेखही होता, स्वतंत्रपणे तेच सांगणारा. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं काही नाही बरं का. मी आधी भाऊ-भाऊच समजले होते.

हे घरबसल्या करून बघा. दोन्ही हात छातीसमोर धरा, तळवे आपल्याकडे, बोटांची टोकं समोरासमोर. आता एका हाताची बोटं दुसऱ्याच्या फटींत सरकवा. बोटं तेवढीच राहिली, पण दोन कोपरं जवळ आली की नाही? वर्गात मी हेच करून दाखवलं. पाऊण तासाचा तास, पंचेचाळीस मुली, नव्वद कोपरं! शेजारच्या वर्गातून विचारायला आले.

सरकवतं कोण? जाड धाग्याला बारीक बारीक मुंडकी असतात. विहिरीतून कळशी ओढणारी बाई आठवा. दोर आखडत नाही. ती एका हातानं धरते, ओढते, सोडते, पुढे पकडते. ही मुंडकी तसंच करतात. मेंदूचा निरोप मज्जातंतूतून आला की तंतूच्या आत साठवलेलं कॅल्शियम सुटतं. त्यानं बारीक धाग्यावरची जणू कडी निघते आणि मुंडक्यांना पकडायला जागा मिळते. (कॅल्शियम फक्त हाडांसाठी, असं मीही समजत होते.) आणि ओढायची शक्ती पुरवतं एटीपी नावाचं द्रव्य, जे पेशी आपण खाल्लेल्या अन्नातून तयार करते.

आता मला सगळ्यात नवल वाटलं ती गोष्ट. एटीपी लागतं ते सोडायलाही. नवा एटीपीचा कण येऊन बसल्याशिवाय मुंडकं पकड सोडतच नाही. कॅल्शियम पुन्हा कोठारात भरायचं तर तिथेही तेच लागतं. माणूस गेल्यावर काही तासांनी देह ताठ होतो तो यामुळेच. शक्ती संपलेली, पकड सुटत नाही. स्नायू सैल पडला म्हणजे त्यानं काम थांबवलं असं आपल्याला वाटतं, पण सैल पडणं हेही त्याचं कामच आहे.

हृदयाचा स्नायू आणि पोट-आतड्यांचे अनैच्छिक स्नायू याच दोन धाग्यांवर चालतात, फक्त त्यांना आपला हुकूम लागत नाही. बाळंतपणाच्या कळा ज्यांनी सोसल्या त्यांना हे मी काय सांगणार!

सासूबाईंच्या पायात गोळा आला तेव्हा निरोपांमागून निरोप सुटत होते आणि पोटरी आखडलेलीच राहत होती. मी जोरजोरात चोळत बसले होते. त्यापेक्षा गुडघा सरळ ठेवून पावलाचा चवडा हळूहळू अंगाकडे ओढून धरावा, गोळा लवकर सुटतो. वारंवार येत असेल तर डॉक्टरांना दाखवावं.

पण बारीक झालेल्या पोटऱ्यांचं काय? तंतूला ओढायचं कामच मिळालं नाही की तो आपले धागे कमी करत जातो आणि रोडावतो. काम मिळालं की नवे धागे बसतात, तोच तंतू पुन्हा जाड होतो. वयानं हे थांबत नाही. १९९० साली बोस्टनमध्येच, वृद्धांच्या एका संस्थेत, मारिया फियाटारोन या डॉक्टर बाईंनी नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. नऊ जणांनी ते पुरं केलं आणि त्यांच्या पायांतली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. नव्वदीत! आमच्या सासूबाई तर चौऱ्याहत्तरच्या.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. चार महिने मी ‘मी देते ना’ म्हणत त्यांच्या पायांचे धागे उसवत होते.

डॉक्टरांना विचारून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना बोलावलं. त्यांनी दिलेला व्यायाम अगदी साधा. भिंतीला टेकवलेली, हातांची, घट्ट खुर्ची. पावलं जमिनीवर टेकलेली. पुढे झुकून उठायचं आणि सावकाश बसायचं. धपकन बसायचं नाही, कारण सावकाश बसतानाही मांडीचा स्नायू काम करत असतो. पहिल्या दिवशी तीनदा, तेही माझा हात धरून. सासूबाई माझ्यावर इतक्या चिडल्या की दुपारी बोलल्या नाहीत. (तुमच्याकडे कुणाचं ऑपरेशन झालेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्र करू नका.)

जेवणही बदललं. धाग्यांना प्रथिनं लागतात आणि आमच्या सासूबाई रात्री ताकभातावर, उपासाला साबुदाण्यावर. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. खिचडीत जे काही मिळतं ते दाण्याच्या कुटाचं. आता रात्री वाटीभर मुगाची उसळ, नाहीतर घट्ट वरण. उपासाला दूध आणि दाण्याची आमटी. अंडं सुचवून पाहिलं, तो विषय पुन्हा काढायचा नाही असं ठरलंय.

परवा अकरा वेळा उठल्या, हात न धरता. न्हाणीघरात अजून काठी लागते आणि आणखी दोन महिने ती सोडायची नाही असा हुकूम आहे. चष्मा मात्र आता मी देत नाही. तो समोरच्या कपाटावर ठेवते. पेपर आला की त्या माझ्याकडे बघतात, मी भाजी निवडत राहते. मग “आण गं जरा” म्हणता म्हणता खुर्चीचे हात धरतात आणि उठतात.