गुडघा-कंबर दुखते? सुई आणि पट्टा पुरे, आता दहा जणी जमा

"डॉक्टर, माझ्या मणक्यात गॅप आहे."

आमच्या भागात हे वाक्य मी रोज ऐकतो. मध्यंतरी एडवणच्या एक मावशी आल्या. हातातल्या पिशवीत दोन एमआरआय, कंबरेचा पट्टा, दोन्ही गुडघ्यांचे नी-कॅप आणि गोळ्यांची अर्धी संपलेली पाकिटं. वय पंचावन्नच्या आसपास. मासळीची पाटी घेऊन पहाटे सफाळे स्टेशन गाठायचं, दुपारी परत येऊन घरचं बघायचं, हा त्यांचा दिवस. दुखणं चार वर्षांचं. दुसरा एमआरआय कशाला केलात, असं विचारलं तर म्हणाल्या, "पहिला जुना झाला ना!"

मला हसू आलं नाही, कारण तोपर्यंत मी रक्ताचा रिपोर्ट पाहिला होता. क्रिएटिनिन वाढलेलं होतं. रक्तदाबाचा त्रास असताना चार वर्षं जवळजवळ रोज दुखण्याची गोळी घेतली जात होती, आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर पडला होता. कंबर होती तिथेच होती.

या चार वर्षांत मावशींनी अनेक डॉक्टर पाहिले. दुखणं म्हणजे काय आणि ते इतकं का टिकतं, हे समजावायला कोणी दहा मिनिटं बसलं नाही. याचा दोष मी आमच्या व्यवसायाला देतो, आणि त्यात मीही आलो. मीही कित्येक वर्षं "वाकू नका, जड उचलू नका, पट्टा लावा" असं लिहून दिलं आहे. मासळी विकणाऱ्या बाईला "जड उचलू नका" म्हणजे "उपाशी राहा" म्हटल्यासारखंच. ती ऐकत नाही. ती घाबरते आणि घाबरत घाबरत उचलते.

आधी तो 'गॅप' बघू. ज्यांना पाठीचा काहीही त्रास नाही अशा 3110 लोकांच्या एमआरआय-सीटी तपासण्या एकत्र करून 2015 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मणक्यांमधली चकती झिजल्याच्या खुणा विशीतल्या 37 टक्के लोकांत दिसल्या आणि ऐंशीच्या घरात 96 टक्के लोकांत. चकती बाहेर फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीतच 30 टक्के होतं. यातल्या कोणाचीच पाठ दुखत नव्हती! केस पांढरे होतात तशी चकतीही वयाबरोबर झिजते. त्या चित्राकडे बोट दाखवून "हे बघा, झीज" असं म्हणणारा डॉक्टर खोटं बोलत नसतो. पण तो अर्धं सांगतो, आणि त्या अर्ध्यावर तुमची जन्मभराची भीती उभी राहते.

दुखणं तीन महिन्यांपलीकडे गेलं की त्याचा स्वभाव बदलतो. राखणीचं कुत्रं चोर आला की भुंकतं, ते चांगलंच. पण काही कुत्र्यांना सवय लागते, मग माडाची झावळी हलली तरी ती भुंकतात. जुनाट दुखण्यात मज्जासंस्थेचं असंच होतं. मूळ इजा बरी झालेली असते किंवा किरकोळ असते, पण इशारा मोठ्याने वाजत राहतो. झोप कमी, काळजी जास्त आणि हालचालीची भीती असेल तर तो आणखी वाढतो. दुखणं खरंच असतं, मनाचे खेळ नसतात. फक्त 'दुखतंय म्हणजे आत काहीतरी तुटतंय' हा हिशोब इथे चुकतो.

हे समजावून सांगणं आणि स्नायूंची ताकद हळूहळू वाढवणं, हाच जुनाट कंबरदुखीचा आणि गुडघ्याच्या झिजेचा पहिला उपचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शिका काढली. तिच्यात शिक्षण आणि व्यायाम यांची शिफारस आहे. कंबरेचा पट्टा, वजन लावून ताण देणं आणि अफूच्या जातीची वेदनाशामकं नेहमीच्या उपचारात नकोत, असंही त्यात म्हटलं आहे. आता मावशींची पिशवी आठवा. जे नको म्हटलंय ते तिच्यात होतं, आणि जे हवं ते पिशवीत मावतच नाही.

डेन्मार्कमध्ये 2013 पासून 'ग्लॅड' नावाचा कार्यक्रम चालतो. गुडघा किंवा खुबा झिजलेल्यांना आधी समजावून सांगायचं, मग सहा आठवडे आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली गटाने व्यायाम. इंग्लंडमध्येही याच धर्तीचा कार्यक्रम चालतो. ना महागडी यंत्रं, ना सुया.

इथे विरोधकांची बाजू मीच सांगतो. डेन्मार्कमध्येच या कार्यक्रमाची तुलना गुडघ्यात नुसतं सलाइनचं पाणी टोचण्याशी केली गेली. 2022 साली निकाल आला: दुखण्यात दोन्ही गटांना सारखाच आराम. "बघा, व्यायामाने विशेष काही होत नाही," असं काहींनी म्हटलं. मी त्यातून दुसरा प्रश्न काढतो. मिठाच्या पाण्यानेही इतका आराम पडतो, तर हजारो रुपये घेऊन गुडघ्यात 'जेल' भरणारे नेमकं काय विकतात? आणि सुईने मांडीला ताकद येत नाही, साखर उतरत नाही, म्हातारपणी तोल सावरत नाही. व्यायामाने येते, उतरते, सावरतो. दुखणं पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही. ते कमी होतं आणि त्याची भीती जाते, आणि भीती गेली की माणूस पुन्हा कामाला लागतो.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न: "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम?" हा प्रश्न रास्त आहे आणि आम्ही डॉक्टर तो हसण्यावारी नेतो. भाताच्या आवणीत चार-चार तास ओणवं राहणं, वाडीत उकिडवं बसून खुरपणं, डोक्यावर पाटी घेऊन फलाटाचे जिने चढणं, ही मेहनत आहेच. पण तिच्यात शरीराचा तोच तोच भाग त्याच पद्धतीने थकतो आणि त्याला सावरायला विश्रांती मिळत नाही. व्यायामात ओझं आपल्या ताकदीप्रमाणे ठरतं, थोडं थोडं वाढतं आणि मध्ये आराम असतो. थकवणं आणि ताकद कमावणं यात हा फरक आहे. शिवाय कामाची पद्धतही बदलावी लागते: एका मोठ्या पाटीऐवजी दोन लहान, मासळी निवडायला जमिनीऐवजी उंच फळी, अर्ध्या तासाने एकदा सरळ उभं राहणं. हे मी दवाखान्यात बसून सांगितलं तर उपदेश होतो. तेच काम करणारी शेजारीण सांगते तेव्हा लगेच पटतं.

म्हणून गट हवा. व्यायामाचा कागद मी शेकडो जणांना दिला आहे, त्यातले बहुतेक कागद दुसऱ्या आठवड्यात कपाटावर जातात. पण आपल्यापेक्षा थोराड बाई हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठली, हे डोळ्यांनी पाहिलं की आपला गुडघाही धजावतो. आणि न आलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी विहिरीवर कोणीतरी विचारतंच.

यासाठी एडवणला नवीन काही बांधायला नको. देवळाचा मंडप आहे, शाळा संध्याकाळी रिकामी असते, बचतगटाच्या बायका तशाही जमतात. ओहोटीला किनाऱ्यावरची ओली घट्ट वाळू चालायला उत्तम. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या कामात योग आणि आरोग्यशिक्षण धरलेलंच आहे. ते जूनमधल्या योगदिनाच्या फोटोपुरतं राहू नये, हे ग्रामसभेत उभं राहून विचारायचा अधिकार तुमचा आहे. महिन्यातून दोनदा एक फिजिओथेरपिस्ट गावात यावा, एवढीच मागणी करा. गावच्या एखाद्या उत्सवाच्या मंडपाला जो खर्च येतो, त्यात वर्षभराचं भागावं.

सुरुवात साधी. खुर्चीवरून उठबस, एका पायरीवर चढ-उतार, उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलणं, आणि चालणं. करताना थोडं दुखलं तर थांबू नका. दहापैकी पाचपर्यंत चालेल, मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या वेळी कमी करा, बंद नको.

काही जणांनी आधी डॉक्टरकडेच जायचं. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वीचा कॅन्सर किंवा क्षय, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, गुडघा लाल-गरम होऊन सुजणं, यांतही आधी तपासणी. हृदयविकार असेल तर विचारून सुरू करा. शस्त्रक्रिया लागणारे लोक असतात, त्यांना ती वेळेवर मिळावी. ते थोडे असतात, एवढंच.

मावशींच्या रोजच्या गोळ्या मी बंद केल्या. आधी त्या रागावल्या. "मग देणार काय?" त्यांनी विचारलं. मी खुर्ची पुढे ओढली आणि हात न टेकता उठून दाखवा म्हटलं. तीनदा जमलं, चौथ्यांदा नाही. पुढच्या वेळी येताना तीन मैत्रिणींना घेऊन या, असं सांगितलं आहे. त्या तिघींच्याही पिशवीत एमआरआय असणार, याची मला खात्री आहे.