सर्व्हरची मेमरी वीज का खाते? खोपोली-भिवपुरीच्या शेजारचा नवा प्रश्न

१९१५ साली खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. घाटमाथ्यावरचं पाणी पाइपातून खाली आलं आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र आलं. खोपोलीची क्षमता ७२ मेगावॅट, भिवपुरीची ७५.

गिरण्या गेल्या. आता पनवेल, नवी मुंबईत विजेचं नवं गिऱ्हाईक आलंय, डेटा सेंटर. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातली सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरनी वापरली. २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून जास्त होईल.

यात मेमरीचा काय संबंध?

रॅममध्ये अब्जावधी सूक्ष्म कपॅसिटर असतात. प्रत्येक म्हणजे जणू गळका हंडा. त्यामुळे डीडीआर४ चिपमधली प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावी लागते. तापमान ८५ अंशांपुढे गेलं की ३२ मिलिसेकंदांच्या आत. म्हणजे सर्व्हर रिकामा बसला तरी वीज जातेच.

ती वाचवायची कशी?

१. व्होल्टेज उतरवून. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागायचे, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१. डेटा हलवायची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात लागते. म्हणून १.२ चे १.१ झाले की तेवढ्याच कामात साधारण १६ टक्के बचत होऊ शकते.

२. मोबाइलसाठी बनलेली कमी विजेची मेमरी वापरून. एनव्हिडियाच्या ग्रेस प्रोसेसरसोबत हीच मेमरी असते.

३. पडून असलेली मेमरी वाटून. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांना अझूर क्लाउडमध्ये २५ टक्क्यांपर्यंत मेमरी अडकून पडल्याचं आढळलं. सीएक्सएल तंत्राने ती अनेक सर्व्हरना मिळून वापरता येते.

मग कर्जत-खालापूरला काय?

ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. त्यात भिवपुरीला १,००० मेगावॅटचा पंप्ड स्टोरेज प्रकल्प आहे. जास्तीच्या विजेवर पाणी वर चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडायचं. पण चढवायला जेवढी वीज लागते, त्याहून कमीच परत मिळते. म्हणजे हा प्रकल्प वीज साठवतो, वाढवत नाही.

मेमरीतल्या बचतीलाही एक मेख आहे. वाचलेल्या विजेवर कंपन्या आणखी सर्व्हर बसवू शकतात. मग एकूण बिल तिथंच राहतं. राज्याच्या २०२३ च्या आयटी धोरणात डेटा सेंटरना सवलती आहेत. त्या देताना सरकारला प्रत्येक सेंटरच्या वीजवापराचा हिशेब मागता येईल. तो लोकांसमोर आला, तरच बचत खरी की कागदावरची हे कळेल.