बाजारभाव आणि बाग

संगणकाच्या क्षेत्रात टिकायचे तर 'अद्ययावत' राहिले पाहिजे, हे वाक्य इतक्या वेळा ऐकवले जाते की त्याचा अर्थ विचारण्याचे कुणाला सुचत नाही. माझ्या मते आज्ञावलीकारापर्यंत पोचणाऱ्या बातम्यांच्या दोन अगदी भिन्न जाती आहेत आणि दोन्ही एकाच टोपलीत टाकल्यामुळे सारा गोंधळ होतो.

राहात्याच्या पेरूउत्पादकाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. बाजारभाव तो रोज पाहतो, कारण माल आज तोडायचा की उद्या, हे त्यावर ठरते. पण भाव चढला म्हणून त्याच संध्याकाळी तो नव्या बागेचे खड्डे खणायला घेत नाही. कलम लावल्यापासून फळ हाती येण्यास दोन-तीन वर्षे लागतात आणि बाग पुढे पंधरा-वीस वर्षे सांभाळायची असते. (डाळिंबाच्या तेजीकडे पाहून लावलेल्या आणि तेल्या रोगापायी काढाव्या लागलेल्या बागा नगर-नाशिककडे पुष्कळांनी पाहिल्या आहेत.)

बाजारभावाच्या जातीची बातमी म्हणजे सुरक्षेची सूचना. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, की आपल्या यंत्रावर दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. त्याने माग काढला तेव्हा 'एक्सझेड' या फाइली आकुंचित करणाऱ्या संचात कुणीतरी मुद्दाम ठेवलेले चोरदार सापडले. ही बातमी त्याच दिवशी कळणे आवश्यक होते. आठवड्याने वाचून उपयोग नव्हता. गंमत अशी, की चोरदार असलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या मुख्यतः लिनक्सच्या चाचणीच्या, म्हणजे अगदी ताज्या, वितरणांतच पोचल्या होत्या. डेबियनची स्थिर आवृत्ती वापरणारा सुरक्षित राहिला. बातमी ताजी हवी, पण साधन ताजे असेलच पाहिजे असे नाही, हे याहून स्पष्टपणे कुणी सांगितले नसेल.

दुसरी जात 'प्रवाहां'ची. येथे घाई बहुधा निरर्थक असते. फ्लॅश बंद होणार हे अडोबीने जुलै २०१७ मध्ये जाहीर केले आणि ते बंद झाले २०२० च्या अखेरीस. तयारीला साडेतीन वर्षे होती. २०१० मध्ये आलेल्या अँग्युलरजेएसमागे अनेकजण धावले. २०१६ मध्ये तिची पुढची आवृत्ती मुळापासून नव्याने लिहिली गेली आणि जुने बरेचसे ज्ञान बाजूला पडले. उलट एसक्यूएल १९७० च्या दशकातले, सी भाषाही त्याच दशकातली. ती शिकलेल्याचे काही वाया गेलेले नाही.

मग रोज वाचायचे काय? उत्तर रूक्ष आहे. आपण प्रत्यक्ष वापरतो त्या पाचसहा साधनांच्या नव्या आवृत्त्यांच्या टिपा, त्यांच्या सुरक्षा-सूचना आणि हवे तर एखाददुसरा विचारी लेखक. एवढ्यासाठी आरएसएस पुरेसे आहे. गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले तेव्हा अनेकांनी आरएसएसचेही श्राद्ध उरकले, पण तो प्रकार आजही चालतो. काय दाखवायचे हे त्यात वाचक ठरवतो. समाजमाध्यमांत ते दुसरेच कुणी ठरवते, आणि त्याचा हेतू आपली विद्या वाढवणे हा नसतो.

हा प्रश्न पुण्यातल्यापेक्षा राहात्यातल्या माणसाला अधिक जाचतो, असे मला वाटते. लोणीला प्रवरा परिसरात १९८० च्या दशकापासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यामुळे शिकलेल्यांची वाण या तालुक्यात नाही. पण कार्यालयात चहाच्या वेळी एखादा ज्येष्ठ सहकारी "त्या फंदात पडू नकोस" असे सहज म्हणतो, त्याची किंमत घरून एकट्याने काम करणाऱ्याला कळते. ते वाक्य महाजालावर मिळत नाही. तेथे मिळतात "सहा महिन्यांत तुमची नोकरी जाणार" असे मथळे आणि खालोखाल शिकवणीची जाहिरात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून या धंद्याला बरकत आहे. बदल खोटा आहे असे नव्हे. तो मोठाच आहे. पण तो मथळे वाचून कळत नाही. स्वतःचे एखादे जुने काम त्या साधनाकडून करवून घ्यावे आणि त्याच्या चुका मोजाव्यात, म्हणजे दोन शनिवारांत पुष्कळ कळते.

पेरूला मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडतात. त्याला 'ताण देणे' म्हणतात. पाणी चालूच राहिले तर पाने माजतात, फुले येत नाहीत. वर्षातून दोन महिने प्रवाहांच्या बातम्या बंद ठेवून एकच जाडजूड पुस्तक वाचणाऱ्याला मी मागासलेला म्हणणार नाही. सुरक्षेच्या सूचना मात्र त्या काळातही बंद करू नयेत.

राहिला भाषेचा मुद्दा. या टिपा इंग्रजीत असतात आणि नवख्याला त्यातले नेमके महत्त्वाचे वाक्य सापडत नाही. ज्यांना सापडते त्यांनी महिन्यातून एकदा दहा ओळी मराठीत लिहाव्यात: काय बदलले, कुणाला त्रास होईल, कुणी निवांत राहावे. यासाठी परिभाषाकोशाची वाट पाहायला नको; 'सर्व्हर' म्हटलेले सर्वांना समजते.