विमा हमालाचा, कागद शेठच्या कपाटात

मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण, हैदराबाद
यांस,

मी मुरुडचा. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या या बाजारगावात २२ वर्षं एका आडत दुकानात मुनीम होतो. शेठने आम्हा नोकरांचा आणि हमालांचा समूह अपघात विमा काढला होता. मला ते ठाऊक होतं, कारण हप्त्याची नोंद माझ्याच हातची. हमालांना ठाऊक नव्हतं. शेठ वाईट माणूस नव्हे. पोरीच्या लग्नाला न मागता पैसे देणारा. पण विम्याचा कागद त्याच्या कपाटात आणि किल्ली त्याच्या कनवटीला.

सोयाबीनच्या हंगामात एक हमाल थप्पीवरून पडला, पाय मोडला. दीड महिना तो घरी. त्याची बायको दुकानाच्या पायरीशी आली आणि तिने उचल मागितली. अंथरुणावरच्या आठवड्यांची भरपाई त्या पॉलिसीत होती. ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं, तर ती विचारणार काय? आणि मी? समोर गादीवर शेठ बसलेले. मालकाच्या देखत त्याचं कपाट नोकराने उघडू नये, ही आडतीतली रीत. मी मान खाली घालून उचल लिहिली. विम्यातून यायची रक्कम त्या माणसाच्या नावावर कर्ज म्हणून चढली. ती नोंद माझ्या अक्षरातली आहे, म्हणून हे पत्र.

साहेब, समूह विम्यात मूळ पॉलिसी मालकाच्या नावाची असते. ज्याच्या हाडामांसाचा विमा, त्याच्या वाट्याला एक प्रमाणपत्र. तेही पोचलं तर. नोकरी सुटली की संरक्षणही सुटतं. आरोग्याचा समूह विमा असेल तर त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आधी काढलेला प्रतीक्षाकाळ मोजून. हा हक्क तुमच्याच नियमांतला. पण हे सांगायचं कुणी? शेवटच्या दिवशी मालक हिशेब चुकता करतो, नारळ देतो. विम्याबद्दल चकार शब्द निघत नाही.

१ जानेवारी २०२४ पासून आरोग्य विम्याच्या ग्राहकाला सोप्या भाषेतलं माहितीपत्रक द्यायचं, आणि मागितल्यास स्थानिक भाषेत, असा तुमचा आदेश आहे. चांगला आहे. 'मागितल्यास' हा शब्द मात्र खुर्चीवर बसून लिहिलेला वाटतो. आमच्याकडे कागद मागणं म्हणजे मालकावर अविश्वास दाखवणं. पुढच्या हंगामात काम हवं असलेला माणूस तेवढं धाडस करत नाही.

बँकेतही तेच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता २०१५ साली १२ रुपये होता. १ जून २०२२ पासून २० आहे. अपघाती मृत्यूला २ लाख रुपये. पासबुकात ते वीस रुपये इंग्रजी आद्याक्षरांच्या एका ओळीत कापले जातात. वाहनाचा अपघात असेल तर पोलिसांत नोंद लागते. साप चावला किंवा झाडावरून पडलं, तर दवाखान्याची तातडीची नोंद पुरते. शेतातल्या माणसाच्या किती कामाची गोष्ट! पण ती कळते दहाव्यानंतर, कुणी शहाणा पाहुणा भेटलाच तर. तोवर ना दवाखाना झालेला असतो, ना नोंद.

मी नवी योजना मागत नाही. समूह विम्यातल्या प्रत्येकाला कंपनीने परस्पर, मालकाला मधे न घेता, मराठीतून कळवावं: विमा किती, कशाचा, कधीपर्यंत, वारसदार कोण, आणि दावा कुठे द्यायचा. ज्याला वाचता येत नाही त्याला फोन करून सांगावं. हप्ता मागायला कंपन्यांचे फोन येतातच की. नोकरी सुटताना वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची मुदत लेखी द्यावी, आणि न दिल्यास तो दोष कंपनीचा धरावा.

गेल्या मेअखेर माझ्याही खात्यातून वीस रुपये गेले. वारसदार म्हणून कुणाचं नाव लागलंय, हे विचारायला बँकेत गेलो होतो. काउंटरवरची बाई म्हणाली, "काका, उद्या या." इतकी वर्षं दुसऱ्याच्या गादीसमोर बसलेला मी, मुकाट्याने घरी आलो.

आपला,
एक निवृत्त मुनीम, मुरुड